नटालिझुमॅबचं सलाईन: घेणाऱ्या रुग्णाचं परीक्षण

मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं निदान झालंय आणि न्यूरोलॉजिस्टनी नटालिझुमॅबचं नाव काढलंय, अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. टायसाब्री या नावाने ते जास्त ओळखलं जातं. मी मूळची सांगलीची, राहते न्यू जर्सीत, आणि बरीच वर्षं हे औषध घेते आहे. आधी निकाल सांगून टाकते: मला हे औषध उत्तम लागू पडलं आणि पुन्हा निवडायची वेळ आली तर मी हेच निवडेन. पण ते कोणी घ्यावं आणि कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये, हे ते शरीरात नेमकं काय करतं त्यावर ठरतं. ते समजून न घेता सलाईनच्या खुर्चीत जाऊन बसू नका, हा माझा आग्रह आहे.

एमएसमध्ये आपल्याच पांढऱ्या पेशी मेंदूत आणि मज्जारज्जूत शिरतात आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करतात. माझी सुरुवात उजव्या डोळ्यापासून झाली. डोळा फिरवला की आत ठणकायचं, आणि त्या डोळ्याने बघितलं की लाल रंग विटलेला दिसायचा. करंड्यातलं कुंकू डाव्या डोळ्याला लालभडक आणि उजव्याला विटकरी. पुढे मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट जायला लागला. इंटरफेरॉन या एमएसच्या जुन्या औषधाची इंजेक्शनं सुरू झाली, पण ती चालू असतानाच एमएसचा मोठा अटॅक आला, म्हणजे लक्षणं एकदम उसळली. तेव्हा डॉक्टरांनी हे औषध सुचवलं. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली असल्यामुळे "हे करतं काय?" हा प्रश्न मी सोडला नाही, आणि डॉक्टरांनीही कंटाळा केला नाही.

मेंदूतल्या रक्तवाहिन्या शरीरातल्या इतर रक्तवाहिन्यांसारख्या नसतात. १८८५ मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला तेव्हा बाकी सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. पुढे १९१३ मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी तोच प्रकार उलटा केला. रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मध्ये काहीतरी भिंत होती. ती भिंत कशाची, हे १९६७ मध्ये थॉमस रीस आणि मॉरिस कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की दोघींच्या मधून साधं प्रथिनसुद्धा सरकत नाही. बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशींचं वेष्टण, आणि त्याही पलीकडे अॅस्ट्रोसाइट या मेंदूच्या पेशींच्या पायांचा सलग थर.

एवढा बंदोबस्त असूनही पांढऱ्या पेशी आत जातात, आणि त्या आत जाणं चांगलंच आहे. निरोगी माणसाच्या मेंदूभोवतीच्या पाण्यातसुद्धा थोड्या पेशी सतत फिरत असतात आणि कुठे विषाणू दिसतो का ते बघतात. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण या औषधाचा सगळा धोका त्यात आहे.

या पेशी आत जातात कशा, तो भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून तिथे जरा थांबते. हे सगळं घडतं केशवाहिन्यांच्या लगेच पुढच्या छोट्या शिरांमध्ये, जिथे रक्ताचा वेग थोडा कमी झालेला असतो. रक्त वाहतच असतं, पेशीला थांबायचं असतं, आणि भिंत गुळगुळीत असते. कृष्णेला पूर आला की पाण्यात सापडलेला माणूस वाहता वाहता घाटाच्या पायऱ्या चाचपतो आणि नाव बांधायची एखादी कडी हाती लागली तर तिलाच धरून ठेवतो, तसं पेशीचं होतं. रक्तवाहिनीच्या भिंतीवर आधी सिलेक्टिन नावाचे रेणू असतात, त्यांची पकड ढिली, त्यामुळे पेशी नुसती घरंगळते आणि तिचा वेग कमी होतो. जवळपास जळजळ चालू असेल तर भिंतीवर केमोकाइन नावाचे रासायनिक निरोप लागलेले असतात, ते मिळाले की पेशीच्या अंगावरचे इंटेग्रिन नावाचे पकडीचे रेणू ताठ होतात आणि पकड घट्ट होते. यातला मुख्य हात म्हणजे अल्फा-४ इंटेग्रिन, आणि भिंतीवरची त्याची कडी म्हणजे व्हीकॅम-१ नावाचा रेणू. निरोगी मेंदूच्या शिरांवर व्हीकॅम फारसा नसतो. सूज आली की तो भराभर वर येतो.

पकड बसल्यावर पेशी लगेच आत घुसत नाही. ती भिंतीवर सरपटते, बऱ्याचदा रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध, आणि योग्य जागा शोधते. उंदरांच्या आणि घुशींच्या मज्जारज्जूवर काचेची खिडकी बसवून शास्त्रज्ञांनी हे जिवंतपणी होताना पाहिलेलं आहे. बर्नच्या ब्रिटा एंगेलहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की मज्जारज्जूच्या शिरांमध्ये आक्रमक टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) घरंगळत न बसता अल्फा-४ आणि व्हीकॅमच्या जोरावर थेट थबकतात. मग पेशी स्वतःला चपटी करून दोन पेशींच्या फटीतून, किंवा कधी एका पेशीच्या अंगातूनच आरपार जाते. तरीही ती अजून मेंदूत पोचलेली नसते. रक्तवाहिनी आणि अॅस्ट्रोसाइटांचा थर यांच्यामध्ये एक अरुंद जागा असते, तिथे ती येऊन थांबते. त्या जागेतल्या रक्षक पेशींनी "हाच तो शत्रू" अशी ओळख पटवली तरच ती पुढचा थर विकरांनी कापून खऱ्या अर्थाने मेंदूत उतरते. ओळख पटली नाही तर तिथेच विषय संपतो. एमएसमध्ये ओळख चुकीची पटते. मायलिनच शत्रू ठरतं.

म्हणूनच एमएसचे डाग मेंदूत कुठेही सांडल्यासारखे नसतात, ते शिरांभोवती असतात. एडिंबरोच्या जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये हे बारकाईने लिहून ठेवलं, आणि मेंदूच्या पोकळ्यांपासून बोटांसारख्या निघालेल्या डागांना आजही डॉसनची बोटं म्हणतात. माझ्या डॉक्टरांनी स्क्रीनवर माझा एमआरआय उघडून ती बोटं मला दाखवली. प्रत्येक बोटाच्या मधोमध एक बारीक काळी रेघ होती. ती शीर. त्या शिरेतून पेशी बाहेर पडल्या आणि आजूबाजूला पसरल्या, हे त्या एका चित्रात दिसत होतं. एमआरआयच्या आधी गॅडोलिनियम हे स्कॅनमध्ये चमकणारं द्रव्य टोचतात, तेही यासाठीच. जिथे भिंत नुकतीच फुटलेली असते तिथे ते बाहेर झिरपतं आणि डाग पांढराशुभ्र चमकतो.

१९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टेड येडनॉक, लॉरेन्स स्टाइनमन आणि सहकाऱ्यांनी एमएससारखा आजार मुद्दाम घडवलेल्या घुशीच्या सुजलेल्या मेंदूच्या चकत्या घेतल्या. त्यातल्या शिरांना पांढऱ्या पेशी चिकटत होत्या. मग त्यांनी वेगवेगळ्या अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिनं, लावून बघितल्या, कोणती हे चिकटणं थांबवते ते. अल्फा-४ अडवणारी अँटिबॉडी लागू पडली, आणि ती टोचलेल्या घुशींना पक्षाघात झाला नाही. नटालिझुमॅब म्हणजे त्याच जातीची, माणसाच्या शरीराला चालेल अशी घडवलेली अँटिबॉडी. ती पेशीला मारत नाही, भिंतीची डागडुजी करत नाही, मायलिनला हात लावत नाही. पेशीच्या हातावर जाऊन बसते. कडी समोर असली तरी पेशीला ती धरता येत नाही आणि ती रक्ताबरोबर पुढे निघून जाते.

आता प्रत्यक्ष घेण्याबद्दल. दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर सलाईनमध्ये, साधारण तासभर शिरेतून. त्यानंतर पहिल्या १२ वेळा आणखी एक तास बसवून ठेवतात, कारण अॅलर्जी आली तर ती बहुतेक दोन तासांच्या आत येते. पुढे ते डॉक्टर ठरवतात. मी जाते त्या इन्फ्युजन सेंटरला खिडकीकडेला खुर्च्या आहेत, गरम केलेली चादर मिळते, आणि माझ्या नेहमीच्या फिलिपिनो नर्सचा हात असा आहे की शीर पहिल्याच टोचण्यात सापडते. ज्यांच्या शिरा पळतात त्यांना याची किंमत कळेल. घरून निघतानाच भरपूर पाणी पिऊन जा आणि हात गरम ठेवा, एवढं केलं तरी नर्सचं काम निम्मं होतं. औषधाची बाटली फ्रिजमधून येते. नर्स ती कधीच हलवत नाही, सलाईनमध्ये घातल्यावर पिशवी हळूच उलटी करते आणि पुन्हा सरळ करते, कारण जोरात हलवलं तर प्रथिन बिघडतं. पिशवी पाण्यासारखी दिसते. एवढ्याशा पाण्यात काय आहे असं आईला पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा वाटलं होतं.

सुई लावण्याआधी दर खेपेला ठरलेले प्रश्न विचारतात. गेल्या महिन्यात विचार करण्यात, दिसण्यात, तोल सांभाळण्यात किंवा ताकदीत काही नवीन बिघाड झाला का, जो काही दिवस टिकून राहिला? प्रतिकारशक्ती कमी करणारा एखादा आजार आहे का? गेल्या महिन्यात कॅन्सरचं, एमएसचं किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध घेतलं का? एकाला जरी हो म्हटलं तर नर्स थांबते आणि डॉक्टरांना फोन लावते. अमेरिकेत हे सक्तीचं आहे, टच नावाच्या कार्यक्रमाखाली डॉक्टर, सेंटर, फार्मसी आणि रुग्ण या सगळ्यांची नोंद असल्याशिवाय बाटली उघडतच नाही. शेजारच्या खुर्चीतल्या लोकांना मी "नो, नो, नो" असं न ऐकताच म्हणताना पाहिलंय. कृपया तसं करू नका. नवऱ्याला किंवा मुलीला आदल्या दिवशी विचारा, माझ्यात काही बदल जाणवतो का? डोक्यातला बदल स्वतःला शेवटी कळतो, घरच्यांना आधी.

औषध सुरू केल्यावर मला काय वाटलं? काहीही नाही. पहिल्या दिवशी डोकं दुखलं, थकवा आला, दुसऱ्या दिवशी मी कामावर होते. नंतरही "आता बरं वाटतंय" असा क्षण कधी आला नाही, आणि हे नव्या रुग्णांना सांगायलाच हवं. स्टेरॉइडचं सलाईन घेतलं की दोन-तीन दिवसांत डोळा उघडल्यासारखा वाटतो. हे तसं नाही. याचा परिणाम म्हणजे अटॅक न येणं, आणि न आलेली गोष्ट जाणवत नाही. ती एमआरआयमध्ये दिसते. माझ्या स्कॅनमध्ये औषध सुरू झाल्यापासून नवा डाग नाही, चमकणारा तर नाहीच. माझ्या एकटीच्या अनुभवावर जाऊ नका. ९४२ रुग्णांवर झालेल्या अफर्म या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, पहिल्या वर्षात अटॅकचं प्रमाण नकली औषधाच्या तुलनेत ६८ टक्क्यांनी कमी झालं, आणि दोन वर्षांत अपंगत्व वाढत जाण्याचा धोका ४२ टक्क्यांनी. चमकणारे डाग ९२ टक्क्यांनी कमी. त्या काळात मिळणाऱ्या इंजेक्शनांनी अटॅक साधारण एकतृतीयांशाने कमी व्हायचे, त्यापुढे हा आकडा केवढा मोठा आहे ते बघा.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली, आणि औषध पटायला मला तीच पुरली. सुरू केल्यावर काही महिन्यांनी साधी रक्ततपासणी झाली. रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या आकड्यापुढे 'जास्त' अशी खूण. सवयीने मी तो फोटो सांगलीला आमच्या डॉक्टरकाकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन. "अगं, लिम्फोसाइट वाढल्यात, ताप-बिप आहे का? कसलं इन्फेक्शन?" मी म्हटलं, "काका, ताप नाही, हे औषधामुळेच." त्या वाढलेल्या पेशी म्हणजेच ज्यांना रक्तातून बाहेर पडता येत नाहीये त्या. जायचं होतं तिथे जाता येत नाही म्हणून त्या रक्तातच फिरत राहतात आणि मशीन त्या मोजतं. न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी मात्र नेहमीइतक्याच होत्या, कारण त्यांचं काम मुख्यतः दुसऱ्या इंटेग्रिनवर चालतं. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हे प्रतिकारशक्ती मारणारं औषध नव्हेच." नेमकं तेच. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर अशा रिपोर्टवर विनाकारण अँटिबायोटिक सुरू होईल.

आता धोका. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत हे औषध मंजूर झालं आणि फेब्रुवारी २००५ मध्ये, तीनच महिन्यांत, बाजारातून परत घेतलं गेलं. चाचण्यांमधल्या रुग्णांना पीएमएल नावाचा मेंदूचा संसर्ग झाल्याचं उघड झालं होतं. तिघे रुग्ण, दोघे एमएसचे आणि एक क्रोन्स या आतड्याच्या आजाराचा, आणि त्यातले दोघे दगावले. पीएमएल करतो तो जेसी व्हायरस. तो निम्म्याहून अधिक प्रौढांच्या अंगात निपचित पडून असतो आणि आयुष्यभर काही करत नाही, कारण मेंदूत फिरणाऱ्या त्या थोड्या पेशी त्याला डोकं वर काढू देत नाहीत. आणि हे औषध त्याच पेशींची वाट अडवतं. मायलिन खाणारी पेशी आणि व्हायरस शोधणारी पेशी, दोघी तीच कडी धरतात. औषधाला फरक करता येत नाही. मी याला साइड इफेक्ट म्हणत नाही. औषध ज्या कामासाठी घेतो त्याच कामाची ही दुसरी बाजू आहे. सोरायसिससाठी आलेलं एफालिझुमॅब हे औषध दुसऱ्या इंटेग्रिनवर, एलएफए-१ वर बसायचं, त्यातही पीएमएल निघालं आणि २००९ मध्ये तेही बाजारातून गेलं. उलट व्हेडोलिझुमॅब फक्त आतड्याकडे जाणारा अल्फा-४ बीटा-७ हा जोड अडवतं आणि मेंदूची वाट मोकळी ठेवतं, म्हणून आतड्याच्या आजारांत ते वापरताना ही भीती फार कमी असते.

जून २००६ मध्ये नटालिझुमॅब परत आलं, कडक देखरेखीसह, आणि परत येण्यासाठी एमएसच्या रुग्णांनीच सुनावण्यांमध्ये उभं राहून मागणी केली होती. मला त्या रुग्णांबद्दल फार आदर आहे. आज जोखीम तीन गोष्टींवर मोजतात: रक्तात जेसी व्हायरसच्या अँटिबॉडी आहेत का, औषध दोन वर्षांपेक्षा जास्त झालं का, आणि आधी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतली होती का. अँटिबॉडी नसतील तर धोका साधारण दहा हजारांत एक. अँटिबॉडी असतील आणि वर्षं वाढत गेली तर तोच हजारात काही जणांपर्यंत जातो. नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नाही, इंडेक्सचा, म्हणजे त्या अँटिबॉडी किती आहेत ते सांगणारा, आकडा मागा. ०.९ च्या आत असेल तर चित्र वेगळं, १.५ च्या वर असेल तर खूप वेगळं. आणि आज निगेटिव्ह म्हणजे कायमचं निगेटिव्ह नव्हे, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी. मी निगेटिव्ह आहे, म्हणूनच वरचा निकाल एवढ्या ठामपणे देऊ शकते. माझा इंडेक्स मोठा असता तर हे परीक्षण वेगळं झालं असतं.

पॉझिटिव्ह असूनही ज्यांना हेच औषध चालू ठेवायचं आहे त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचं अंतर हा मार्ग आहे. अमेरिकेतल्या नोंदींवरून अंतर वाढवल्यावर पीएमएलचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि २०२२ मध्ये आलेल्या नोव्हा चाचणीत, चार आठवड्यांवर स्थिर झालेल्या रुग्णांना सहावर नेलं तरी बहुतेकांचा आजार ताब्यात राहिला. हे स्वतःच्या मनाने करू नका, डॉक्टरांशी बोलून करा. चौथ्या आठवड्यात थकवा वाढतो असं बरेच रुग्ण सांगतात, मलाही तो जाणवतो, आणि त्यामुळे अंतर वाढवायची मला स्वतःला ओढ नाही.

तक्रार म्हणाल तर औषधाबद्दल नाही, ते वेळेवर मिळण्याबद्दल आहे. नवऱ्याची नोकरी बदलली, विमा बदलला, आणि नव्या विमा कंपनीने मंजुरीचे कागद आठवडेच्या आठवडे फिरवत ठेवले. आधी स्वस्त औषध घेऊन बघा, मग हे देऊ, असंही लिहून पाठवलं. मी तेव्हा खूप घाबरले होते, कारण हे औषध अचानक बंद केलं की आजार नुसता परत येत नाही, उसळून येतो. साधारण तीन ते सहा महिन्यांत, अडवून ठेवलेल्या पेशी एकदम आत शिरल्यासारख्या, काही जणांना पूर्वीपेक्षाही जास्त डाग येतात. डॉक्टरांनी स्वतः विमा कंपनीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ते सोडवलं. नोकरी किंवा विमा बदलणार असाल तर पुढच्या डोसची तारीख आधी बघा, बाकी सगळं नंतर.

या औषधाकडून कसली अपेक्षा ठेवू नये, तेही सांगते. माझ्या उजव्या डोळ्यातला लाल रंग पूर्ण परत आलेला नाही. जे तंतू गेले ते गेले. गरम पाण्याने अंघोळ केली की अजूनही त्या डोळ्यासमोर धुकं येतं. आणि ज्यांचा एमएस अटॅकशिवाय हळूहळू वाढत जाणाऱ्या टप्प्यात पोचलाय त्यांना याचा उपयोग फारसा होत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या असेंड चाचणीत तेच दिसलं, औषध मुख्य कसोटीवर उतरलं नाही. तेही या कामाच्या पद्धतीला धरूनच आहे. त्या टप्प्यात नुकसान करणाऱ्या पेशी आधीच भिंतीच्या आत वस्ती करून असतात, आणि औषध काम करतं ते बाहेर, रक्तात. म्हणून द्यायचं तर लवकर द्यायचं, अटॅक चालू असताना, मेंदूत गमावण्यासारखं बरंच शिल्लक असताना. "आधी साधी औषधं, मग बघू" या धोरणात माझी काही वर्षं आणि एका डोळ्याची नजर गेली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुण्या-मुंबईतल्या रुग्णांचे मला निरोप येतात, तिथे बऱ्याच जणांना रिटक्सिमॅब दिलं जातं आणि ते याच्यापेक्षा बरं की वाईट, असं विचारतात. दोन्ही दमदार औषधं आहेत, पण काम निराळं. रिटक्सिमॅब आणि त्याच्या भावंडातलं ऑक्रेलिझुमॅब बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून नाहीशा करतात, त्या परत यायला अनेक महिने लागतात, आणि वर्षानुवर्षं घेतलं की छातीच्या, लघवीच्या जंतुसंसर्गांकडे आणि रक्तातल्या इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे अँटिबॉडींच्या, आकड्याकडे लक्ष ठेवावं लागतं. सलाईन सहा महिन्यांनी एकदा, ही मोठी सोय. नटालिझुमॅब पेशींची संख्या कमी करत नाही आणि थांबवलं की काही महिन्यांत रक्तातून निघून जातं. पीएमएलची शंका आली तर हेच उपयोगी पडतं, आणि उसळीची भीतीही त्याचमुळे. खर्चाच्या बाबतीत रिटक्सिमॅब भारतात कितीतरी परवडतं, आणि परवडणारं औषध नेमाने घेणं हे महागडं औषध अधूनमधून घेण्यापेक्षा केव्हाही चांगलं. नटालिझुमॅबचंही पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध, २०२३ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मंजूर झालंय, त्यामुळे किमती उतरण्याची मी वाट बघते आहे. तुमच्या डॉक्टरांना तुमच्या गावात कोणतं औषध खंड न पडता मिळेल ते आधी विचारा.

माझं पुढचं ठरलेलं आहे, आणि ते डॉक्टरांनी फाइलमध्येही लिहून ठेवलंय. दर सहा महिन्यांनी इंडेक्स, वर्षाला एमआरआय. इंडेक्स पॉझिटिव्ह आला पण ०.९ च्या आत राहिला तर सहा आठवड्यांचं अंतर आणि एमआरआय अधिक वेळा. १.५ च्या वर गेला तर औषध बदलायचं, बी-पेशींच्या औषधाकडे वळायचं, आणि मधली रिकामी जागा कमीत कमी ठेवायची, आधी एमआरआय करून, पीएमएल नाही याची खात्री करून. पुढच्या तपासणीचं रक्त येत्या डोसच्याच सुईतून घेणार आहेत.